टायपिंग आलं म्हणजे कॉम्प्युटर आला का?

"फुकटचं आहे ना, मग कमअस्सलच असणार." कल्याण पूर्वेच्या आमच्या अभ्यासिकेत जुन्या मशिनींवर लिनक्स टाकलं तेव्हा आपल्याच कार्यकर्त्यांनी हे ऐकवलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला आणि वर्गणीतून नव्या मशिनी येत नाहीत, हे खरंच. पण माझा मुद्दा पैशापुरता नाही.

आपण कॉम्प्युटर शिकलो तो कारकुनासारखा. एमएस-सीआयटी केली, टायपिंगचा स्पीड वाढवला आणि तोच मजकूर प्रत्येक अर्जात नव्याने बडवत बसलो. लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्ये तो ऑटोटेक्स्ट म्हणून एकदा साठवा. पुढे त्याचं छोटं नाव लिहून एफ३ दाबलं की अख्खा परिच्छेद हजर. साठ घरांची पाण्याची तक्रार असेल तर नावं-पत्ते कॅल्कमध्ये भरा आणि मेल मर्ज लावा.

माहिती अधिकाराचंच घ्या. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. आमची पोरं बोटांवर शब्द मोजायची! रायटरमध्ये मजकूर सिलेक्ट केला की तेवढ्याच भागाची शब्दसंख्या खालच्या पट्टीत दिसते. त्याहून महत्त्वाची मुदत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं असतं, आणि आपले बहुतेक अर्ज इथेच मरतात, कारण तारीख कुणाच्याच लक्षात नसते. कॅल्कमध्ये अर्जाच्या तारखेत ३० मिळवा, कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. मुदत उलटलेली ओळ आपोआप लाल होते. लाल ओळ दिसल्यावर कोणी गप्प बसत नाही, हा माझा अनुभव.

दुसरं दुखणं फॉन्टचं. जयंतीच्या एका जुन्या स्मरणिकेची फाइल डीटीपीवाल्याकडून मिळवली, तर आमच्या मशिनवर नुसती अगम्य चिन्हं. मजकूर आपला, वाचणार मात्र त्याचाच फॉन्ट! लिनक्समध्ये सेटिंग्जमधून मराठी कीबोर्ड जोडला की थेट युनिकोडात लिहिता येतं. पीडीएफ काढताना 'हायब्रिड' पर्याय निवडला तर मूळ फाइल पीडीएफच्या पोटातच राहते, पुढच्या कार्यकारिणीला ती रायटरमध्ये उघडून दुरुस्त करता येते.

"ऑफिसात वर्डचीच फाइल मागतात," ही तक्रार खोटी नाही. रायटर तीही सेव्ह करतो, पण किचकट तक्ते कधीकधी हलतात. म्हणून आम्ही दोन्ही पाठवतो, वर्डची आणि पीडीएफ. ती स्मरणिका आता दोन मुली पुन्हा टाइप करताहेत, चौदा पानं झालीत.