रांग एक, न्याय दोन

आमच्या बँकेत पैसे काढायला येणाऱ्याला पितळी टोकन मिळे. शेतकरी असो की शेठजी, नंबर पुकारल्यावरच पैसे. लोक कुरकुरत, पण भांडत नसत. रांग सर्वांना सारखी आहे, हे त्यांना ठाऊक असे.

परवा एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो होतो. मुलगा बारा वर्षे न्यू जर्सीत. नोकरी उत्तम, कर वेळेवर; ग्रीन कार्ड मात्र नाही. "भावजी, रिटायर होईपर्यंत तरी मिळेल का हो त्याला?" वहिनींनी विचारले. मी गप्प राहिलो.

अमेरिकेचे नागरिकत्व हवे तर साधारणपणे ग्रीन कार्डानंतर पाच वर्षे वास्तव्य, चांगली वर्तणूक, कामापुरते इंग्रजी आणि तिथल्या इतिहासाची व राज्यकारभाराची परीक्षा. यात अन्याय कसला? ज्या घरात राहायचे त्याची रीत शिकलीच पाहिजे. आपल्या १९५५ च्या कायद्यातही आठव्या अनुसूचीतील एक भाषा पुरेशी यावी, अशी अट आहेच. मेहनत केली की ती पुरी होते.

काटा रुततो तो त्याआधी. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवली आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांची मर्यादा घातली. जेमतेम चार लाख वस्तीच्या आइसलँडला जी मर्यादा, तीच आपल्या १४० कोटींना! एकाच देशाने सगळ्या जागा अडवू नयेत, हा हेतू समजतो. पण एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाचा नंबर लवकर लागावा आणि दुसऱ्याचे केस पिकावेत, हा कुठला न्याय? तोवर मुले २१ वर्षांची झाली, तर बहुधा आईवडिलांच्या अर्जातूनही बाहेर पडतात.

मात्र तिकडे बोट दाखवताना आपली वहीही तपासावी. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाचवर आणली. छळ सोसलेल्यांना दार लवकर उघडावे, हे मला मान्य आहे. पण मोजमाप छळाचे हवे, धर्माचे नको.

कर्ज देताना मी परतफेडीची ऐपत पाही, जन्मगाव नव्हे. नागरिकत्वाच्या अटी खुशाल कडक असाव्यात. पण माणसाला कष्टाने पुऱ्या करता येतील अशा. जन्म कुठे घ्यावा, याचा अर्ज कोणी भरलेला नसतो.