नुसतं बघायला जाणं



मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघी नाशिकजवळ हौशी मुलांची मातीवरची मोटारसायकल शर्यत बघायला गेलो. बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते, 'कुणाबरोबर आलात?' हे मात्र सगळ्यांनी विचारले. 'एकमेकींबरोबर' हे उत्तर कुणाला पुरेना.

२०१९ साली बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने बाजा विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळवले. जिंकणारीचे कौतुक होते. धुळीत उभी राहून नुसती मजा बघणारीला मात्र कारण द्यावे लागते. खरे सांगते, शिबिर सोडून जाताना मलाही अपराधी वाटले होते. कामाच्या हक्काबद्दल आपण बोलतो. विरंगुळ्याचा हक्क आपणच विसरतो.

पुढच्या शर्यतीआधी आयोजकांना स्वच्छतागृहासाठी पत्र देणार आहोत. सही कराल? आणि याल ना?