बो-कापचे संग्रहालय हवेच

केप टाउनमधल्या बो-काप या मुस्लिम वस्तीत, वेल स्ट्रीटवरच्या अठराव्या शतकातील एका घरात, १९७८ पासून संग्रहालय आहे. ते बंद करावे म्हणून त्यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, ते वर्णभेदी राजवटीत जन्मले. माणसांवर ‘केप मलाय’ असा शिक्का मारून त्यांना वेगळे काढणाऱ्या धोरणाचे ते अपत्य आहे. दोन, जो तो समाज आपापले संग्रहालय मांडू लागला तर देशाचा सामाईक इतिहास उरणार नाही.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मुस्लिम कुटुंबाचे सजवलेले घर, अशीच मूळ मांडणी होती आणि अशा सजावटीआड गुलामगिरीची झळ सहज झाकली जाते. पण यावरून मांडणी बदलावी एवढेच सिद्ध होते. दाराला कुलूप लावून शिक्का पुसला जात नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला आणलेले गुलाम बंगाल, मलबार, इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर, मोझांबिक अशा कुठल्या कुठल्या मुलखांतले होते. त्या सर्वांना एकच नाव देणे खोटे होते, हे सांगायची जागा हेच घर आहे.

दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. सामाईक म्हणून जो इतिहास शिकवला गेला, त्यात आफ्रिकान्स ही गोऱ्यांची भाषा होती. तिच्यासाठी गोऱ्यांची संघटना पार्ल येथे १८७५ मध्ये निघाली. बो-कापच्या मदरशांतली मुले मात्र त्याआधीपासून वहीत उजवीकडून डावीकडे, अरबी अक्षरांत, आफ्रिकान्समधून धडे उतरवत होती. ऑटोमन धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांचा याच लिपीतला आफ्रिकान्स धर्मग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. गुलामांच्या वंशजांनी ही भाषा घडवली आणि लिहिलीही, याचा लेखी पुरावा म्हणजे त्या वह्या आणि हा ग्रंथ.

रॉबेन बेट म्हटले की मंडेला आठवतात. त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, १७८० मध्ये, इंडोनेशियातल्या तिदोर बेटाहून आणलेले धर्मगुरू तुआन गुरू तिथे कैदेत होते. त्यांनी स्मरणातून कुराण लिहून काढले. सुटकेनंतर ते दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या मशिदीचे, बो-कापमधल्याच १७९४ च्या अव्वल मशिदीचे, पहिले इमाम झाले. त्यांच्यावाचून त्या बेटाची कथा अपुरी आहे.

अल्पसंख्याकांचे संग्रहालय देशाच्या इतिहासाचे तुकडे करत नाही, त्यातली गाळलेली पाने परत जोडते. म्हणून बो-कापचे दालन बंद करण्याची भाषा सोडावी. ते वाढवावे, आणि त्याची मांडणी त्या वस्तीतल्या लोकांच्या हाती द्यावी.