सव्वा मूठ गहू

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली चित्रपटगृहांत लागला. उसाच्या फडात एकटं घर, तिथे येऊन पडलेली गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि गोड बोलून तिची काळजी घेणारी तुळसाबाई (उषा नाईक). भुतं आहेत, पण थरकाप उडतो तो माणसांमुळे. वंशाला दिवा हवा म्हणून तिथे मुलींचा बळी जातो. पुढे २०२१ मध्ये याचाच हिंदीत ‘छोरी’ झाला.

माझं सासर जळगावच्या रावेर तालुक्यातलं, केळीचं. सिनेमा पाहताना मला आमचीच बाग दिसत होती. भर दुपारी आत शिरलं की पानांनी उजेड अडतो, ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतात, चार ओळींपलीकडचं माणूस दिसत नाही.

तरी एक गोष्ट खटकते. असले बळी आडरानातच का दाखवायचे? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात मुली होत्या ८४२. धुळ्यापलीकडच्या, सातपुड्यातल्या पाड्यांच्या नंदुरबारमध्ये ९४४. सोन्याची पेढी, डाळमिल, केळीचा पैसा सगळं आमच्याकडे, आणि मुली कमीही आमच्याकडेच. लिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा आहे. तो मोडायला अमावास्या लागत नाही. शिकलेली माणसं गाडी करून दिवसाढवळ्या तपासणीला जातात.

माझं माहेर धुळ्याकडचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई देवी बसते. नारळाला नथ घालतात, डोळे काढतात, रात्रभर गाणी. त्याआधी नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना आजी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ सुपात टाकायची. पाळण्यातल्या भाच्याचीही मूठ पडली. मी माझी मागितली, तर म्हणाली, “पोरीस्नी मूठ नही लेतस.” देवी बाई, दळणारी बाई, रोट लाटणारी बाई, आणि मोजणीत एकही बाई नाही. त्या सुपाकडे बघून मला आजही भीती वाटते.

मालेगावच्या पोरांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे करून दाखवले. आता जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींनी या मोजणीचा भयपट करावा. चेटकीण नको, पाड्यावरचा भगत तर नकोच. त्याच्या माथी आपलं पाप मारू नका. ते सूप दाखवा, जवळून.

आणि यंदा तुमच्या घरी रोट असतील, तर लेकी-सुनांची नावं घेऊन मूठ टाका.