ओढणीखालची गाठ

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात वह्या तपासत होते. एका मुलीची ओढणी सरकली आणि जबड्याखाली, मानेच्या कडेला बोराएवढ्या तीन गाठी दिसल्या. तिने झटकन ओढणी सावरली. दुसऱ्या दिवशी अम्मीला बोलावलं. ती म्हणाली, "टीचर, कुणाला सांगू नका. मुलीची जात आहे. उद्या रिश्ता कसा येईल?"

गाठी चार महिन्यांपासून होत्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या झाल्या, लेप झाला, तावीज झाला. दुवा मीही करते. पण अल्लाहने आजारासोबत इलाजही ठेवला आहे, तो शोधणं आपलं काम आहे, हेही आपल्याच दीनने शिकवलं आहे.

आधी भीती काढून टाकू. मुलांच्या मानेत गाठ लागणं ही रोजची गोष्ट आहे. घसा बसला, दात किडला, डोक्यात उवांनी खाजवून फोड आले, की जवळची गाठ सुजते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तसंच हे. अशी गाठ दुखते, बोटाखाली सरकते आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते.

पण दोन आठवडे उलटूनही गाठ कमी होत नसेल, वाढत असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, दगडासारखी कडक असेल किंवा गळ्याच्या हाडाच्या वर असेल, सोबत बारीक ताप, घटणारं वजन किंवा रात्रीचा घाम असेल, तर थांबू नये. अशा गाठीमागे टीबी असू शकतो, क्वचित रक्ताचा किंवा गाठींचा कॅन्सरही. गाठींच्या टीबीला मराठीत गंडमाळ म्हणतात, उर्दूत कंठमाला. दोन्ही भाषांना ही माळ ठाऊक होती. नव्हतं ते औषध.

आज ते आहे. सुईने गाठीतला नमुना घेऊन तपासतात. टीबी निघाला तर साधारण सहा महिने गोळ्या. सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आहारासाठी दरमहा 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नये. उपचार चालू असताना एखादी गाठ पुन्हा सुजू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असं समजून गोळ्या सोडू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. आणि गाठ कुणाकडूनही कापून किंवा फोडून घेऊ नये. टीबीची गाठ तशी फोडली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते.

फुप्फुसात टीबी नसेल तर नुसत्या मानेच्या गाठीतून तो शेजारच्या बाकावर पसरत नाही. त्या मुलीचं ताट वेगळं करायचं, तिला शाळेतून काढायचं काहीच कारण नाही.

मग लपवतो का आपण? पनवेलमध्ये दवाखान्यांची कमी नाही. माझ्याच बिल्डिंगच्या खाली दोन आहेत. त्या अम्मीला मी विचारलं, "मुलाच्या मानेला गाठ आली असती तर चार महिने थांबला असतात?" ती काही बोलली नाही. मुलाचा आजार हा आजार असतो, मुलीचा आजार मात्र तिच्या लग्नातला अडथळा होतो. हे आपण आपल्या घरात बोललं पाहिजे. पालकसभेत बोललं पाहिजे, जुम्याच्या बयानातही यावर दोन मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

त्या मुलीला टीबीच निघाला. सहा महिने तिने एकही गोळी चुकवली नाही. आता आठवीत आहे, गाठी बसल्या आहेत, वजन वाढलं आहे. मागच्या आठवड्यात अम्मी भेटली, खूप दुवा दिल्या. जाताना हळूच म्हणाली, "टीचर, घरात माझ्या जावेला अजून माहीत नाही हं."