होडीची पाठ तपासा, मे संपण्याआधी



आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मिरकरवाडा असो, साखरीनाटे असो की हर्णै, मे सरत आला की घराघरांत एकच हिशेब सुरू होतो: जाळ्यांना किती, मशीनला किती, रंगाला किती. याच हिशेबासंबंधी एका भगिनीने विचारले आहे. त्या लिहितात, "आमची फायबरची होडी वीस वर्षांची आहे. मशीन जोरात केली की होडीची मागची बाजू हलते. मिस्त्री म्हणतो, ॲल्युमिनियमची प्लेट मारून देतो. आमचे हे म्हणतात, जुनी मशीनच थरथरते, नवी घेऊ. त्यासाठी माझ्या बांगड्या गहाण ठेवायचे चालले आहे. काय करावे?"

माझे उत्तर असे की, प्लेट आणि नवी मशीन दोन्ही तूर्त थांबवा. आधी होडीची पाठ तपासा.

होडीच्या मागच्या ज्या उभ्या भिंतीवर मशीन टांगतात तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ती फायबरची दिसते, पण जुन्या होड्यांत ती बहुधा सँडविचसारखी असते. दोन्ही बाजूंना फायबरचा पातळ थर आणि मध्ये प्लायवूड. फायबर कुजत नाही, आतले लाकूड कुजते. म्हणून रंग नवा आणि होडी चकचकीत असली तरी आत भुसा झालेला असू शकतो.

पाणी आत शिरते ते भोकांतून. मशीनच्या बोल्टची भोके, पाणी सोडण्याचे तळाचे भोक, मासे शोधण्याच्या यंत्रासाठी मारलेले स्क्रू, मशीनच्या पकडीने चिरडलेली वरची कड, अशा कितीतरी वाटा असतात. अनेकांना वाटते की समुद्राच्या खाऱ्या पाण्याने लाकूड सडते. खरे तर मीठ बुरशीला थोडे रोखते. जास्त नुकसान पावसाच्या गोड्या पाण्याने होते. दोन महिने होडी किनाऱ्यावर सरळ उभी, आत पाऊस साठलेला आणि तळाचे भोक बंद असेल, तर लाकूड आतून भिजत राहते.

तपासणी घरचा माणूसही करू शकतो. मशीन वर उचलून अडकवा आणि तिचा खालचा भाग धरून हळू दाबा. ट्रान्सम वाकताना दिसला, किंवा त्याच्या कोपऱ्यांत केसासारख्या चिरा असल्या, तर शंका घ्या. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोका. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. बोल्ट काढल्यावर तपकिरी पाणी झिरपले तर शंका जवळजवळ खरी समजा. शेवटी आतल्या बाजूने, खाली आणि मध्यभागी, ५-६ मिलिमीटरची दोन-चार भोके पाडा. बाहेरचे फायबर छेदू नका. भुसा फिका आणि कोरडा आला तर लाकूड ठीक आहे. काळा, ओला, कुबट वासाचा आला तर ट्रान्सम उघडावा लागेल. लाकूड ठीक निघाले तर ती भोके त्याच दिवशी इपॉक्सीने बुजवा.

आता प्लेटविषयी. प्लेटचे बोल्ट शेवटी त्याच कुजलेल्या लाकडातून जातात, शिवाय पाण्याला नवी भोके मिळतात. काही जण भोके पाडून आत रेझिन ओततात. पण ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. वरून रंग दिला की ओल आतच कोंडते.

नव्या मशीनचेही तसेच. होडी पुढे जाते तेव्हा पंखा खालून पुढे ढकलतो आणि ट्रान्समची वरची कड मागे ओढली जाते. त्यात त्याच ताकदीची फोर-स्ट्रोक मशीन टू-स्ट्रोकपेक्षा सहसा जड असते. कमजोर पाठीवर ती लावली आणि पाठ सुटली, तर बांगड्यांची मशीन समुद्रात जाईल, आणि होडीतली माणसे उघड्या पाठीनिशी लाटांत राहतील.

दुरुस्तीचा क्रम थोडक्यात असा. मशीन उतरवा. होडी सपाट टेकवा आणि ट्रान्समखाली नीट आधार द्या, नाहीतर आकार बिघडतो. जमेल तिथे आतल्या बाजूचे फायबर कापा. बाहेरचा थर ठेवला की तोच साच्याचे काम देतो. कडेने ५-७ सेंटिमीटरची पट्टी सोडा. जुने लाकूड छिन्नीने पूर्ण काढा. "एवढे बरे आहे, राहू दे" असे म्हणू नका. ओल शेजारच्या लाकडातही पसरलेली असते.

मग वाळवणे. यात घाई नको. रात्री पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे. हे काम मेच्या उन्हात होते, जुलैच्या हवेत होत नाही. बंदी लागेपर्यंत थांबू नका, आठ-दहा दिवस आधी होडी वर घ्या. त्या दिवसांची कमाई बुडते हे खरे, पण पावसात केलेले काम पुन्हा करावे लागते.

नवे लाकूड मरीन प्लायच घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. फर्निचरचा साधा प्लाय चालणार नाही. बऱ्याच लहान होड्यांत ट्रान्समची जाडी ३८ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे १९ चे दोन थर. तरीही आपल्या होडीची जुनी जाडी मोजूनच घ्या. प्लायच्या कडांना इपॉक्सी नीट पाजा, कारण पाणी तिथूनच शोषले जाते. दाट केलेल्या इपॉक्सीत प्लाय बसवून क्लॅम्पने दाबा, पण सगळे इपॉक्सी बाहेर येईल इतके नको. कोपरे गोल भरा आणि वर मॅट व रोविंगचे थर द्या. जुन्या फायबरची कड उतरती घासायची असते: जाडीच्या साधारण बारापट. थर ५ मिलिमीटरचा असेल तर उतार ६ सेंटिमीटरचा.

बोल्टच्या भोकांत सगळ्यांत जास्त आळस होतो. १० मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक आधी १६ चे पाडा, इपॉक्सीने भरा, आणि घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध १० चे पाडा. म्हणजे बोल्टच्या बाजूने पाणी आले तरी लाकडाला लागत नाही. बोल्ट स्टेनलेस ३१६ चे, वॉशर मोठे, आणि सील पाण्याखाली टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचे वापरा.

घरच्यांसाठी तीन सूचना. फायबर घासताना उडणारी काच-धूळ फुफ्फुसात जाते. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यात, मुले दूर हवीत, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. दुसरे, पॉलिएस्टर रेझिन वापरत असाल तर कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटून मगच दुसरा घाला. हार्डनर डोळ्यात उडाले तर लगेच १५ मिनिटे पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. तिसरे, रेझिन थोडे थोडे कालवा. भरलेली बादली आपोआप तापून धुमसू लागते.

भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता या क्रमाने घ्या. पहिल्या दिवशी ठोकून आणि भोके पाडून बघा. लाकूड कोरडे निघाले तर मशीनचा विचार करायला हरकत नाही. ओले निघाले तर पैसा आधी ट्रान्समला द्या आणि जुनीच मशीन दुरुस्त पाठीवर चालवून पाहा. थरथर पाठीची होती की मशीनची, ते तेव्हा कळेल. तोवर बांगड्या घरातच राहू द्या. तळाचे फायबरही जागोजागी सुटले असेल तर होडीवर खर्च करू नये. पण ती विकताना हा ऐब घेणाऱ्याला स्पष्ट सांगावा. त्याचीही मुले त्याच होडीत बसणार आहेत.

आणि दुरुस्ती झाली की पावसाळ्यात होडी पुढून उंच ठेवा, तळाचे भोक उघडे सोडा आणि वर ताडपत्री घाला.