थंडीत इंजिन तापवायचे, पण किती?



मार्गशीर्ष-पौषात आपल्या परंडा तालुक्यात पहाटेची थंडी चांगलीच झोंबते. सीनाकाठच्या उसावर धुके उतरते आणि पाच वाजले की वस्तीवस्तीवर ट्रॅक्टर सुरू होतात. सुरू होतात खरे, पण हलत नाहीत. ड्रायव्हर शेकोटीला, मालक चहाला आणि ट्रॅक्टर अंगणात वीस-वीस मिनिटे एकटाच धडधडत उभा! विचारले तर उत्तर ठरलेले, "इंजन तापल्याबिगर गिअर टाकायचा नसतो, मालक." जीपवाल्याचे तेच आणि नवी मोटार घेतलेल्याचेही तेच. ही रीत आता सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही रीत उगाच पडलेली नाही. विहिरीवरचे हँडलचे इंजिन ज्यांनी चालवले आहे त्यांना ठाऊक आहे, की थंडीत दोघांनी हँडल मारून घाम काढावा तेव्हा कुठे ते एकदा फट् करायचे. त्या काळचे ४० नंबरचे ऑइल गारठ्यात काकवीसारखे घट्ट व्हायचे. पेट्रोल जीपला कार्बुरेटर असे. चोक ओढून थोडा वेळ थांबले नाही तर गाडी चार पावलांवर बंद पडे. तेव्हा जुन्या मंडळींनी जे केले ते त्या यंत्राला धरून बरोबरच होते. पण यंत्र बदलले आणि आपण मात्र बदललो नाही. आज बहुतेक इंजिनांत १५ डब्ल्यू ४० सारखे ऑइल असते. ते थंडीतही लवकर वर चढते. नव्या मोटारीत तर इंधन किती सोडायचे हे थंडी पाहून यंत्रच ठरवते.

आता मुख्य मुद्दा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिन रिकामे धडधडत असते तेव्हा डिझेल थोडे आणि हवा भरपूर, म्हणून ते तापते फार सावकाश. गार सिलिंडरात काही डिझेल अर्धवट जळते, पांढरा धूर येतो, काजळी धरते आणि न जळलेले डिझेल खाली ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते. म्हणजे इंजिन जपायला म्हणून आपण जे करतो, त्यानेच ते झिजते. इंजिन खरे तापते ते हलक्या कामावर.

खर्चाचेही पाहू. रोज २० मिनिटे याप्रमाणे हंगामाचे १०० दिवस धरले तर सुमारे ३३ तास होतात. बसल्या जागी ट्रॅक्टर तासाला अंदाजे लिटरभर डिझेल पितो. आमच्यावर विश्वास ठेवू नका. टाकी काठोकाठ भरा, तासभर उभा चालू ठेवा आणि पुन्हा भरून पाहा. मग आजच्या भावाने गुणाकार ज्याचा त्याने करावा. उसाच्या बिलातली दहा रुपयांची कपात आपण सभेत उठून विचारतो, मग ही घरची कपात कोणाला विचारायची?

पुष्कळ ठिकाणी कारण थंडीचे नसतेच, बरं का. बॅटरी उतरलेली असते, टर्मिनलला पांढरा बुरा चढलेला असतो, हिटर प्लग जळालेला असतो. "एकदा बंद केला तर धक्का मारावा लागंल" ही खरी धास्ती असते. त्यावर उपाय तासभर धडधडणे हा नव्हे. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालतो त्याच दिवशी बॅटरी, प्लग आणि डिझेल फिल्टर तपासून घ्यावा.

काही जण तर टाकीखाली किंवा चेंबरखाली टेंभा धरतात. अहो, लेह-लडाखात डिझेल गोठते म्हणून तिथे २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारे वेगळे डिझेल इंडियन ऑइलने आणले. परंड्याची थंडी ती नव्हे! भोवती पाचट पसरलेले असताना हा जाळ म्हणजे निव्वळ अविचार आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसांची. तोडणी कामगारांच्या कोप्या ट्रॅक्टरला लागूनच असतात. पहाटे आत लेकरे झोपलेली असतात आणि सायलेन्सरचा धूर सरळ कोपीत जातो. तसेच दार लावलेल्या शेडमध्ये किंवा गोठ्यात गाडी चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. म्हणून इंजिन सुरू करायचे ते मोकळ्यावर, कोपीपासून लांब आणि गाडीखाली, ट्रॉलीखाली कोणी नाही हे पाहूनच.

मग करायचे काय? हिटर असेल तर तो पुरता तापू द्यावा. इंजिन सुरू होताच रेस देऊ नये. टर्बो असेल तर मुळीच नाही. ऑइलचा दाब येईपर्यंत, म्हणजे मिनिट-दोन मिनिटे थांबावे. मग गाडी हळू काढावी आणि पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन ओढू नये. मोटारीला अर्धे-एक मिनिट पुरते. ट्रकला एअर ब्रेकचा दाब भरेपर्यंत थांबलेच पाहिजे, तिथे घाई नको. भरल्या ट्रॉल्या ओढून आलेला टर्बोचा ट्रॅक्टर मात्र बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे चालू ठेवावा. थांबायचेच असेल तर ते इथे थांबा.

कारखान्यालाही आमचे एक सांगणे आहे. वाहतुकीचे करार होतात तेव्हा प्रत्येक गट ऑफिसात अर्धा दिवस मिस्त्री बसवून ड्रायव्हर मंडळींना हे प्रत्यक्ष दाखवावे. छापील सूचनेपेक्षा दाखवलेले लक्षात राहते. तोवर प्रत्येक सभासदाने उद्या पहाटे घड्याळ लावून आपल्या दारातला ट्रॅक्टर किती वेळ उभा धडधडतो ते पाहावे, एवढीच विनंती.